बागेत 'डी विंग' येतेय म्हणे! ३५ वर्षं आपली समजलेली जागा नक्की कोणाची?

वैतागलेला_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आलीच. आम्ही कोथरूडला, आनंदनगर मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर. ए बी सी तीन विंग, खाली पार्किंग वर चार मजले, मिळून ४८ फ्लॅट, लिफ्ट नाही. ताबा १९८९ चा. प्लॉट साधारण साडेचार हजार चौरस मीटर. गेटमधून आत आलं की समोर बाग, म्हणजे बाग म्हणायची पद्धत, दोन आंबे, एक बकुळ, मधे सिमेंटचा ओटा ज्यावर दरवर्षी गणपती बसतो आणि उरलेले अकरा महिने सी विंगमधल्या आजी गव्हाच्या कुरडया नाहीतर लाल मिरच्या वाळत घालतात.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी दोन पोरं टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन आली, ओट्याभोवती रेषा मारल्या आणि आंब्याच्या खोडावर लाल रंगाने फुली केली. मी खाली जाऊन विचारलं काय चाललंय तर म्हणे डी विंगची आखणी आहे काका. डी विंग?? आमच्याकडे डी विंग नाही आणि कधी नव्हती!

मग पुढच्या रविवारी बिल्डरचा मुलगा स्वतः आला (वडील गेले, आता हा बघतो). एकदम गोड माणूस. पेढे घेऊन आला, हजेरीचा कागद फिरवला, सगळ्यांच्या पाया-बिया पडला. म्हणाला तुमच्या प्लॉटवर एफएसआय (म्हणजे जमिनीच्या मानाने किती बांधता येतं ती मर्यादा) शिल्लक आहे तो आमचा आहे, करारात कलम १४ मध्ये लिहिलंय, तुमच्या सह्या आहेत. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणारं खत, अजून झालेलं नाही म्हणजे जमीन अजून तुमची नाहीच. पण मी माणुसकी सोडणार नाही, तिन्ही विंगना बाहेरून लिफ्ट लावून देतो, रंग काढून देतो, तुम्ही फक्त एनओसी द्या.

आता झालंय असं की निम्मे लोक लिफ्टच्या नावाने विरघळलेत आणि निम्मे म्हणतायत बागेला हात लावला तर बघून घेऊ. व्हॉट्सॲप ग्रुपचे दोन ग्रुप झालेत आणि मी दोन्हीत आहे. मला एवढंच कळून घ्यायचंय की ती बाग कायद्याने ओपन स्पेस आहे ना? ओपन स्पेसवर बिल्डिंग कशी होईल? आणि करारातल्या त्या कलमाला खरंच अर्थ आहे का? इथे कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

नळस्टॉपचा_चहा

पेढे खाल्लेत का? खाल्ले असतील तर एनओसी दिल्यातच जमा.

आर्किटेक्ट_बाई

आधी एक सांगा, तुमची सोसायटी आहे का अपार्टमेंट? पुण्यात लोक सर्रास दोन्हीला सोसायटीच म्हणतात आणि मग सगळा सल्ला चुकतो. अपार्टमेंट असेल तर १९७० चा ॲक्ट लागतो, तिथे डीड ऑफ डिक्लरेशन असतं आणि प्रत्येकाच्या नावावर जमिनीतला अविभक्त हिस्सा आलेला असतो. सोसायटी असेल तर १९६३ चा मोफा (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा), आणि जमीन सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्सने यावी लागते. दोन्हीची भांडणं वेगळी.

दुसरं, बाग म्हणजे ओपन स्पेस असं आपोआप होत नाही हो. ओपन स्पेस हा मंजूर नकाशावर आखलेला, मापं टाकलेला तुकडा असतो. ४००० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटला १० टक्के सोडावा लागतो, म्हणजे तुमच्याकडे साधारण साडेचारशे मीटरचा कुठेतरी असायलाच हवा. तो समोर आहे का मागे हे नकाशाच सांगेल. त्या तुकड्यावर क्लबहाउस, व्यायामशाळा असलं काहीतरी १५ टक्क्यांपर्यंत बांधता येतं, राहायची इमारत नाही. आणि एकदा मंजूर झालेला ओपन स्पेस फ्लॅटधारकांच्या संमतीशिवाय इकडून तिकडे हलवता येत नाही.

तेव्हा वाद घालण्याआधी १९८० च्या दशकातला मंजूर ले-आऊट आणि त्यानंतर काही रिव्हाइज्ड प्लॅन झाला असेल तर तो, दोन्हीच्या साक्षांकित नकला महापालिकेतून काढा. सापडत नाही म्हणाले तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. सोबत झोन दाखला आणि सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्डाचा उतारा. हे चार कागद हातात येईपर्यंत कोणाच्याही कागदावर सही करू नका, अगदी 'नुसती चर्चा झाली' असं लिहिलेल्या कागदावरही.

वैतागलेला_सेक्रेटरी

सोसायटीच आहे, १९९० ची नोंदणी. प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ शेतमालकाचं नाव आहे हे मला माहितीये, कारण टॅक्सच्या एका भानगडीत काढलं होतं. बिल्डरचं नावसुद्धा नाही त्यावर, त्याच्याकडे त्या कुटुंबाचा डेव्हलपमेंट करार होता बहुतेक.

ठाणेकर_मधू

सेक्रेटरी साहेब, तुमचं दुखणं बाग नाहीये, कन्व्हेयन्स आहे. ३५ वर्षं तुम्ही काय केलंत असं विचारणार नाही कारण आम्ही पण २६ वर्षं काहीच केलं नव्हतं. सोसायटी झाल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स करून द्यायचं बंधन मोफात बिल्डरवर आहे, कोणी करत नाही कारण ती जमीन नावावर ठेवली की पुढे वाढलेला सगळा एफएसआय आपला म्हणता येतो. तुमच्या प्लॉटची १९८९ ला जी किंमत होती आणि आज मेट्रोनंतर जी आहे त्यात जमीनअस्मानाचा फरक. स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत असाल तर टीओडी, म्हणजे मेट्रोलगतच्या, झोनमध्ये रस्त्याच्या रुंदीप्रमाणे एफएसआय ४ पर्यंत जातो. मुलाला वडिलांची आठवण उगाच नाही आली.

उपाय मानीव अभिहस्तांतरण म्हणजे आपलं डीम्ड कन्व्हेयन्स. २००८ ला कायद्यात बदल झाला, बिल्डर सही करत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे नमुना ७ मध्ये अर्ज करायचा, दोन हजारचं कोर्ट फी स्टॅम्प, बिल्डर आणि मूळ मालक दोघांना नोटीस जाते, सुनावणी होते, ते आले नाहीत तरी निकाल होतो. कायद्यात सहा महिन्यांत निकाल द्यायचा म्हटलंय, आमचे अकरा लागले. सभासदांची यादी, प्रत्येकाचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), एखाद्या फ्लॅटचा नोंदणीकृत करार, सोसायटीचं नोंदणीपत्र, मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, अशी फाइल. भोगवटा पत्र नाही म्हणून घाबरू नका, सोसायटीच्या स्वयंघोषणापत्रावर घेतात. मग आदेश आला की मुद्रांक कार्यालयातून ॲडज्युडिकेशन म्हणजे स्टॅम्प ड्युटी ठरवून घेणं, तिथे ज्यांच्या फ्लॅटच्या करारावर पूर्ण स्टॅम्प ड्युटी भरलीये ती वजा होते, ज्यांची कमी भरलीये त्यांची मात्र निघते. आमच्याकडे ८० च्या दशकातले सात करार असे निघाले आणि त्या सात जणांनी माझ्याशी दोन महिने बोलणं टाकलं. मग रजिस्ट्रेशन आणि शेवटी प्रॉपर्टी कार्डावर नोंद. ही शेवटची पायरी लोक विसरतात, आदेश फ्रेम करून ऑफिसात लावतात आणि कार्डावर नाव मूळ मालकाचंच राहतं. ती करा.

कन्व्हेयन्स झालं की शिल्लक एफएसआय, पुढचा वाढीव एफएसआय सगळं सोसायटीच्या ताब्यात. मग तुम्हीच रिडेव्हलपमेंट करा, लिफ्टच काय स्विमिंग पूल घ्या.

कोथरूडची_सून

मला माहितीये आता सगळे माझ्यावर तुटून पडणार तरी लिहिते. मी अशाच एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहते, सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघे गेलेले. गेल्या दीड वर्षात त्या फक्त दवाखान्यासाठी खाली उतरल्यात आणि ते सुद्धा खुर्चीत बसवून, माझा नवरा आणि वॉचमन दोघं धरून. प्रत्येक जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी करावी लागते आणि त्या डोळे मिटून घेतात. बागेतल्या झाडांबद्दल आमच्याही ग्रुपवर कविता येतात, टाकणारे सगळे पहिल्या मजल्याचे.

कायदा काय म्हणतो ते म्हणू दे, पण डीम्ड कन्व्हेयन्स, मग सभा, मग टेंडर, मग रिडेव्हलपमेंट, यात सहा-सात वर्षं सहज जातात. सासूबाईंकडे ती आहेत का? बिल्डर फुकट लिफ्ट देत असेल तर बोलणी तरी करा ना, त्याला एकदम चोर का ठरवता.

आर्किटेक्ट_बाई

सूनबाई तुमचं चुकत नाहीये. पण लिफ्टसाठी डी विंग द्यायची गरज नाही, जुन्या इमारतींना बाहेरून लिफ्ट लावायला महापालिका परवानगी देते, सोसायटीने स्वतः लावली तर ४८ जणांत वाटून येणारा खर्च काही आकाशाला भिडत नाही. बिल्डर जे फुकट म्हणून देतोय त्याच्या बदल्यात तो जे नेतोय त्याची किंमत एकदा व्हॅल्युअरकडून काढून बघा, मग 'फुकट' हा शब्द कोणी वापरणार नाही.

भाड्याने_राहतो

बाहेरून बघणारा म्हणून बोलतो. माझं वय ३१, आयटीत आहे, कोथरूडमध्ये वन बीएचके भाड्याने, दर अकरा महिन्यांनी सामान बांधायचं. विकत घ्यायला गेलं तर वाघोली नाहीतर हिंजवडीच्या पलीकडे. तुम्ही सगळ्यांनी १९८९ ला जे काही लाखात घेतलं तिथे आज मेट्रो आली, सरकारने स्टेशनजवळ जास्त घरं व्हावीत म्हणून एफएसआय वाढवला, आणि आता स्टेशनजवळ २० फ्लॅट होतायत तर दोन आंब्यांसाठी युद्ध. मग ती वाढीव घरं व्हायची तरी कुठे, टेकडीवर? तिथे बीडीपी (जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) आहे, ४ टक्केच बांधकाम, आणि ते पाहिजेच. नाल्यात? तिथे पूर येतो. शेवटी कुणाच्या तरी डोळ्यासमोर व्हायचीच ना.

नळस्टॉपचा_चहा

मुद्दा बरोबर आहे रे पण त्या २० फ्लॅटची किंमत काय असेल ते तुझ्या वाघोलीच्या ब्रोशरशेजारी ठेवून बघ. आणि पाण्याचं काय, आमच्या गल्लीत तीन टॉवर झाले त्यापासून मार्चपासूनच टँकर. रस्ता तेवढाच, सहा मीटरचा, टँकर आला की स्कूलबस उलटी मुख्य रस्त्यापर्यंत जाते. २०२० मध्ये महापालिकेत ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा विषय आला होता आठवतंय का, का तर नऊच्या आत टीडीआर (दुसरीकडून आणलेला बांधकामाचा हक्क) चढत नव्हता. रस्ता गाड्यांसाठी रुंद करतात असं मला लहानपणापासून वाटायचं.

निवृत्त_काका

सर्वांस नमस्कार. मी सरकारी नोकरीत जमिनींच्या कामातच ३४ वर्षे काढली, आता वेळच वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आल्यास पुढे जावे.

सेक्रेटरी साहेबांचा कलम १४ चा प्रश्न राहूनच गेला. मोफाच्या कलम ७ मध्ये स्पष्ट आहे की एकदा नकाशे दाखवून फ्लॅट विकले की फ्लॅटधारकांच्या पूर्वसंमतीशिवाय बिल्डरला जास्तीचे बांधकाम करता येत नाही. १९८६ मध्ये त्याला ७अ जोडले, त्याचा अर्थ इतकाच की मंजूर ले-आऊटमध्ये जर आणखी इमारती आधीपासून दाखवलेल्या असतील तर त्या बांधायला पुन्हा संमती नको. म्हणजे सगळा प्रश्न एका गोष्टीवर येऊन ठेपतो, तुमच्या वेळच्या नकाशावर डी विंग होती का? सर्वोच्च न्यायालयात २००७ ला मधुविहार सोसायटीचे प्रकरण गाजले, त्यात हेच अधोरेखित झाले की बिल्डरने संपूर्ण योजना सुरुवातीलाच घेणाऱ्यापुढे खरी आणि पूर्ण ठेवायला हवी. 'पुढे मला काहीही बांधायला तुमची संमती आहे' अशी मोघम संमती करारात छापून घेतली म्हणजे संमती झाली असे नव्हे. कलम १४ ही अशीच छापील संमती दिसते.

आणि बाग हा विषय क्षुल्लक नाही हे भाड्याने राहणाऱ्या चिरंजीवांना सांगतो. नोएडाचे ते दोन मनोरे टीव्हीवर पडताना पाहिले असतील, २८ ऑगस्ट २०२२, दुपारी अडीच वाजता. ३२ आणि २९ मजले, ३७०० किलो स्फोटके. ते भांडण सुरू कशावरून झाले? एमराल्ड कोर्टच्या रहिवाशांना आधीच्या नकाशात इमारतीपुढे हिरवळ दाखवली होती, त्या जागेत मनोरे आले, आणि दोन इमारतींमधले नियमाचे अंतरही सोडले नाही. रहिवासी २०१२ ला उच्च न्यायालयात गेले, २०१४ ला पाडण्याचा आदेश, २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. दहा वर्षे लागली हे सूनबाईंच्या मुद्द्याला धरूनच आहे, ते नाकारत नाही. त्याआधी १९९१ ला बंगळूरचे प्रकरण झाले, उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, कारण चांगले होते तरी न्यायालयाने रद्द केली, आणि तिथे राहणाऱ्यांना विचारण्याचा हक्क आहे असे सांगितले.

मात्र एक अनुभवाचे बोल. आमच्या टेबलावर येणाऱ्या दहा सोसायट्यांपैकी सातांना आपल्या प्लॉटची हद्द कुठे संपते हेच ठाऊक नसे. तेव्हा बिल्डरकडे बोट दाखवण्याआधी मोजणी करून घ्यावी, हद्द कायमची, आणि क प्रत (मोजणीचा नकाशा) जपून ठेवावी.

ठाणेकर_मधू

काकांना साष्टांग. अजून एक, डी विंगची विक्री सुरू करायची असेल तर ५०० चौरस मीटरच्या वरचा प्लॉट आणि आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की महारेरात (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी केल्याशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. साइटवर जाऊन बघा नोंद झालीये का, तिथे त्याने अपलोड केलेले नकाशे फुकट दिसतात.

कोथरूडची_सून

आणि आंब्याचं? त्या फुलीचं वाचून मलाच कसंतरी झालं खरं.

आर्किटेक्ट_बाई

वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाडावर नोटीस चिकटवून हरकती मागवाव्या लागतात. २०२१ नंतर ५० वर्षांच्या वरची झाडं हेरिटेज धरतात, तुमचे आंबे त्यात बसणार नाहीत. लाल फुली म्हणजे परवानगी नव्हे, ती फक्त पेंटरला दिलेली सूचना.

वैतागलेला_सेक्रेटरी

पाच आठवड्यांनी परत आलो. सगळ्यांचे आभार आधी मानतो कारण पुढचं लिहिल्यावर तुम्ही मला हसणार आहात.

नकाशा मिळाला. पालिकेतल्या एका बाईंनी जुन्या गठ्ठ्यातून शोधून दिला, कापडाला चिकटवलेला, घड्यांवर फाटलेला, अमोनिया प्रिंट. मी आणि खजिनदार तिथेच बाकावर पसरून बसलो. ए सापडली, बी सापडली, सी सापडली. डी नाही. कुठेच नाही, ठिपक्या-ठिपक्यांची रेघसुद्धा नाही. मी खजिनदाराला टाळी द्यायला हात वर केला तेवढ्यात तो म्हणाला अहो पण हिरवा पट्टा बघा कुठाय.

हिरव्या रेघांनी आखलेला ओपन स्पेस, ४५० चौरस मीटर, प्लॉटच्या मागच्या बाजूला, नाल्याच्या भिंतीलगत. म्हणजे जिथे आम्ही २००३ साली पत्र्याची पार्किंग शेड मारलीये ती जागा!! १४ गाड्या, त्याला लागून वॉचमनची खोली, आणि कोपऱ्यात दत्ताचं छोटं देऊळ. समोरची बाग, आंबे, बकुळ, ओटा, हे नकाशावर कोरं आहे. नुसती मोकळी जागा. ३५ वर्षं आम्ही ज्या तुकड्याला ओपन स्पेस ओपन स्पेस करत होतो तो ओपन स्पेस नाहीच, आणि जो आहे त्यावर अतिक्रमण आमचंच.

आता पुढचं ऐका. माहिती अधिकारात फाइल बघितली. बिल्डरच्या मुलाने रिव्हाइज्ड प्लॅन दाखल केलाय, मंजूर झालेला नाही. त्यात त्याने ओपन स्पेस मागेच ठेवलाय, हलवलेला नाही, म्हणजे त्यासाठीची संमती नको. हुशार आहे. फाइलला आमच्या शेडचे चार फोटो जोडलेत, 'सदर सोसायटीने ओपन स्पेसमध्ये अनधिकृत बांधकाम केले आहे' असं पत्र. आणि त्यानंतर 'सभासदांची सहमती' म्हणून एक पान, २९ सह्या, सगळ्यात वर माझी. शाई ओळखीची, क्रमसुद्धा तोच. तो पेढ्यांच्या दिवशीचा हजेरीचा कागद आहे हो. फक्त वर एक मथळा टाइप करून डकवलाय. ज्यांनी पेढे खाल्ले त्या सगळ्यांची संमती.

नळस्टॉपचा_चहा

मी गंमत केली होती हो काका, शप्पथ.

आर्किटेक्ट_बाई

हसत नाहीये. उलट तुमची बाजू आधीपेक्षा पक्की झालीये, फक्त तुम्ही चुकीच्या दारावर धक्के मारत होतात. ओपन स्पेसचा मुद्दा सोडून द्या. १९८९ च्या नकाशावर डी नाही, म्हणजे काकांनी सांगितलेलं ७अ त्याला लागू होत नाही, कलम ७ लागू होतं, संमती हवीच, आणि त्याच्याकडे जी संमती आहे ती हजेरी आहे.

त्या २९ जणांनी प्रत्येकी वेगळं पत्र द्या, एकत्र एक पत्र नको. 'अमुक तारखेला सभेत हजेरी म्हणून सही केली, कोणत्याही बांधकामास संमती दिलेली नाही.' बांधकाम विभागात देऊन आवक शिक्का असलेली पोच घ्या. खोटी माहिती देऊन मिळवलेली परवानगी आयुक्तांना महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली रद्द करता येते, तुमच्याकडे तर अजून मंजुरीच झालेली नाही, त्यामुळे आत्ताच दिलं तर काम सोपं. मूळ हजेरीचा कागद त्याच्याकडे असला तरी सभेची नोटीस आणि इतिवृत्त तुमच्या वहीत असणार, त्याची प्रत जोडा.

आणि शेड काढा. आजच्या आज म्हणत नाही पण सुनावणीच्या आधी. नाहीतर प्रत्येक तारखेला तो ते चार फोटो काढून दाखवणार आणि तुम्ही बागेबद्दल बोलत राहणार.

ठाणेकर_मधू

आणि डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज लगेच टाका, थांबू नका. अर्ज प्रलंबित आहे हे पत्रात लिहा.

निवृत्त_काका

देवळाला हात लावू नका, मात्र त्याच्या भिंती वाढवूही नका.

कोथरूडची_सून

सेक्रेटरी काका, एक विनंती. या सगळ्यात लिफ्टचा ठराव पण करून घ्या त्याच सभेत. भांडणाच्या नादात तो परत पुढच्या वर्षावर जाईल. चौथ्या मजल्यावरच्या कुणालातरी विचारा, कोण कोण किती दिवसांत खाली उतरलंय.

वैतागलेला_सेक्रेटरी

सूनबाई, घेतलंय. काल सी विंगमधल्या आजींकडे पत्रावर सही घ्यायला गेलो होतो, त्या चौथ्यावरच राहतात, कुरडया वाळवायला त्यांची सून खाली येते, आजी नाही, हे मला ३५ वर्षांत काल कळलं. बाल्कनीतून बघून सांगतात कुठली उलटायची.

२९ पैकी २३ पत्रं झाली. चार जण म्हणतात आम्हाला डी विंग चालेल, तर तसं पत्र द्या म्हटलं, तर तेही देत नाहीत. दोघं अमेरिकेत मुलाकडे आहेत, त्यांचं ईमेलवर मागवलंय. कन्व्हेयन्सच्या वकिलाला टोकन दिलं. रविवारी खास सभा, विषय दोन, लिफ्ट आणि शेड. लिफ्टला कोणी नाही म्हणणार नाही, शेडवरून रक्तपात होणार आहे कारण १४ गाड्यांपैकी पाच कमिटीवाल्यांच्याच आहेत आणि त्यातली एक पांढरी वॅगनआर माझी.

शेवटचा प्रश्न, जुना जीआय पत्रा आणि लोखंडी अँगल भंगारवाला किलोवर घेतो का नगावर, आणि उतरवायची मजुरी त्यातच धरतात का वेगळी? सभेत आकडा सांगावा लागेल.

नळस्टॉपचा_चहा

किलोवर. वजनकाटा स्वतःचा न्या.